कालचा भात

हे मनन आज रात्रीपासून सुरू करायचं आहे. रात्रीचा भात लावताना मूठभर तांदूळ जास्त घ्या. पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी ठेवा, शीत न् शीत सुटं व्हायला हवं. जेवणं उरकली की उरलेला भात परातीत पसरा, वाफ जाऊ द्या, निवला की झाकून फ्रिजमध्ये ठेवा. आज एवढंच. झोपताना फक्त ध्यानात असू द्या, की तो भात घरात आहे आणि त्याच्यावरून रात्र जाते आहे.

पेरू देशातल्या लिमा शहरात कितीतरी घरांमध्ये असाच भात मागे ठेवलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्याचा चाउफा होतो, म्हणजे मोठ्या आचेवर परतलेला भात. ताज्या भाताचा चाउफा जमत नाही. गरम शितात वाफ कोंडलेली असते. कढईत पडलं की ते चिकटतं आणि बघता बघता लगदा होतो. रात्रभर गार झालेलं शीत आतून घट्ट होतं. मग ते कितीही हलवा, मोडत नाही. आपल्या फोडणीच्या भाताचंही हेच. माझी आजी ताज्या भाताला फोडणी द्यायला कधी तयार व्हायची नाही. म्हणायची, "त्यानं अजून रात्र पाहिली नाही."

आता सकाळ झाली आहे असं धरू. घरातली गडबड ओसरली की ओट्यापाशी उभे राहा आणि आल्याचं एक कांडं हातात घ्या. लगेच सोलू नका. अंगठा त्याच्या गाठींवरून फिरवा. म्हाताऱ्या माणसाचा हात हातात घेतल्यावर लागतात तशीच ही पेरं आहेत, फुगलेली, जरा वाकडी. आता चमच्याच्या कडेनं थोडं साल खरवडा आणि नाकाजवळ धरा. श्वास आत घ्या. सोडा. आणखी एकदा.

या वस्तूला आपण आलं म्हणतो. त्या शब्दात जुनं आर्द्रक आहे, ओलेपणा आहे. वाळलं की तिचंच नाव सुंठ होतं. संस्कृतात हिला शृंगवेर असंही म्हणत. ते नाव प्राकृतातून ग्रीकांकडे गेलं, तिथून लॅटिनमध्ये, आणि स्पॅनिशमध्ये पोचेपर्यंत त्याचं 'हेंहीब्रे' झालं. स्पेनमध्ये, मेक्सिकोत, अर्जेंटिनात आलं मागायचं तर हाच शब्द. पेरूही स्पॅनिश बोलतो, पण तिथल्या बाजारातली बाई आल्याला किओन म्हणते. तिच्या सात पिढ्यांत कोणी चीन पाहिलेला नसेल, ती अँडीज पर्वतातून खाली आलेली असेल, तरी ती किओनच म्हणते. पेरूच्या हुनीन भागातल्या जंगलपट्ट्यात आज आल्याचं मोठं पीक निघतं, परदेशी जातं. घरच्या ओट्यावर मात्र त्याचं नाव किओन. हा कॅन्टोनीज शब्द आहे. दक्षिण चीनमध्ये तो साधारण 'ग्योंग' असा ऐकू येतो.

पुढच्या चार श्वासांत तो मनातल्या मनात म्हणा. किओन. अर्थाकडे जाऊ नका. जीभ कुठे लागते, ओठ कधी गोल होतात, शेवटचा न नाकात किती वेळ राहतो, तेवढं बघा.

आता हा शब्द ज्या तोंडातून पेरूत उतरला, त्या तोंडाकडे वळू.

१८४९ चा ऑक्टोबर. लिमाचं बंदर कायाओ. तिथे एका जहाजातून ७५ चिनी मजूर उतरले. पुढच्याच महिन्यात कायदा करून ही आयात अधिकृत झाली. १८७४ पर्यंत, पंचवीस वर्षांत, सुमारे ९० हजार ते १ लाख माणसं अशी आली. जवळजवळ सगळे पुरुष, बहुतेक दक्षिणेच्या क्वांगतुंग प्रांतातले. बरीच जहाजं मकाऊहून सुटत. मकाऊ पोर्तुगीजांचं, १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता. १८५४ साली पेरूनं आफ्रिकी गुलामांना मुक्त केलं आणि ऊस-कापसाच्या मळ्यांवर त्यांच्या जागी आठ वर्षांच्या करारानं बांधलेले हे हात आले. कित्येक जण वाटेतच, जहाजाच्या पोटात मेले. कोकणातून मजुरीसाठी मॉरिशसला गेलेल्यांच्या नातवंडांना ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

करारात पगार लिहिलेला होता, कपडे लिहिलेले होते, आणि रोजचा तांदूळ लिहिलेला होता. या तांदळापाशी थोडं थांबा. त्या माणसाचं गाव गेलं, आईबाप गेले, आठ वर्षांचं आयुष्य गेलं. एक शितं तेवढी त्याच्या ओळखीची राहिली. दिवसभर ऊस तोडून आल्यावर त्यानं भांड्यात तांदूळ घेतला असेल, पाणी ओतलं असेल, बोटाचं पेर बुडवून पाण्याची उंची पाहिली असेल. काल रात्री तुम्हीही कदाचित तसंच पाहिलंत. तुमचं बोट आणि त्याचं बोट एकाच पाण्यात आहे असं क्षणभर समजा.

काहींना मळ्यांऐवजी चिंचा बेटांवर नेलं. ही बेटं म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या शतकानुशतकांच्या विष्ठेचे डोंगर. तिला ग्वानो म्हणत, आणि युरोपातली शेतं तिच्यावर पोसली जात होती. पेरूची तिजोरी त्या खतावर चालत होती. खणताना उडणारी धूळ डोळे जाळायची, छातीत बसायची. ते सोसेना म्हणून अनेकांनी जीव दिला. ही बेटं पिस्को नावाच्या बंदरासमोर आहेत. हे नाव बाजूला ठेवू. संध्याकाळी त्याच्याकडे परत यायचं आहे.

त्या माणसाला नाव देऊ नका. त्याचं खरं नाव त्याच्याकडेही फार दिवस राहिलं नाही. बाप्तिस्मा झाला की त्याला स्पॅनिश नाव मिळे. अनेकांना मालकाचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळालं. म्हणून आज लिमात अगदी स्पॅनिश आडनावाच्या घरातही चिनी पणजोबा निघतो.

करार संपल्यावर अशा माणसानं घर केलं. चीनमधून बायका जवळजवळ आल्याच नव्हत्या. त्यामुळे त्याची बायको पेरूची: किनाऱ्यावरची मिश्र वंशाची, नाही तर डोंगरातून आलेली केचुआ बोलणारी, नाही तर कालपरवापर्यंत गुलाम असलेल्या आफ्रिकी घरातली. चिनी-पेरूवी घरगुती स्वयंपाक म्हणतात तो या दोघांच्या चुलीपाशी जन्मला. हॉटेलं पुष्कळ नंतरची. मला या स्वयंपाकघरात फार वेळ राहावंसं वाटतं, तुम्हीही राहा. चूल, धूर, एकच भांडं. तिला मिरची हवी, पिवळसर नारिंगी आही आमारियो. त्याला मासा आणि कोंबडी आल्यावाचून घशाखाली उतरत नाही. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, दोघांपाशी मालकाची मोडकी स्पॅनिश. त्यानं बोट दाखवून म्हटलं असेल, ग्योंग. तिनं ऐकलं असेल, किओन. तिनं तो शब्द बाजारात नेला, शेजारणीला सांगितला, मुलांना शिकवला. आज पेरूभर चालतो तो उच्चार मला त्या चिनी पुरुषापेक्षा तिचा वाटतो.

पुन्हा एकदा म्हणा, या वेळी ओठांनी, आवाज न करता. किओन.

त्यांची मुलं स्पॅनिश बोलली. नातवंडांना आजोबांच्या भाषेतलं एक वाक्य धड येत नव्हतं. चिनी वंशाच्या पेरूवी माणसाला तिथे तुसान म्हणतात, म्हणजे इथल्याच मातीत जन्मलेला. तुसान घरातून चिनी भाषा गेली. पण भाषा घर सोडते तेव्हा एकदम सोडत नाही. आधी हिशेबातून जाते, मग भांडणातून, मग अंगाईतून. स्वयंपाकघरातून ती सगळ्यात शेवटी बाहेर पडते, आणि जाताना दोनचार शब्द फळीवर विसरून जाते. माझ्या वडिलांचं घर मालवणी. आज आमच्यात कोणी मालवणी बोलत नाही. तरी दुपारी बारा वाजता आईच्या तोंडून येतंच, "आज निस्त्याक काय करूया?" म्हणजे भाताबरोबर कालवण काय करायचं. तिच्या माहेरी हा 'निस्त्याक' शब्द नव्हता. तो तिनं सासूच्या हातून डबा घ्यावा तसा घेतला.

तुमच्या घरात असा कोणता शब्द मागे राहिला आहे? इथे पुस्तक वाचल्यासारखं पुढे जाऊ नका. ओट्याला टेकून उभे राहा, आठवू द्या. एखाद्या भांड्याचं नाव असेल, एखाद्या पिठाचं, वासाचं. आठवला तर कोणाच्या आवाजात आठवला, ते ऐका.

लिमात हे शब्द घरापुरते राहिले नाहीत. सोया सॉसला तिथे सियाओ म्हणतात, कॅन्टोनीज 'सी याऊ'वरून. पातीचा कांदा म्हणजे सेबोया चीना, चिनी कांदा. करारातून सुटलेल्या माणसांनी लिमाच्या मध्यवर्ती बाजाराभोवती, काये कापोन या गल्लीच्या आसपास, खानावळी टाकल्या. स्वस्त, घाईच्या, भात हटकून देणाऱ्या. शहराला त्यांचं जेवण हवं होतं, पण ती माणसं नकोशी होती. १९०९ साली चिनी विरोधाच्या लाटेत तिथली ओतायसा नावाची दाट वस्ती नगरपालिकेनं पाडून टाकली. त्यानंतर जेमतेम एक तप झालं होतं, तोवर १९२१ मध्ये त्याच गल्लीत क्वोंग तोंग नावाचं भोजनगृह उघडलं आणि लिमाचे सधन लोक तिथे जेवायला येऊ लागले. पुढे अशा ठिकाणांना चिफा हे नाव पडलं. चिनी माणसं 'ची फान' म्हणत, भात खा, जेवा. ते लिमाच्या कानांनी तसं ऐकलं, असं मानतात. जेवायला बोलावण्याची हाकच भोजनगृहाचं नाव होऊन बसली.

आता कढई.

लोखंडी असेल तर उत्तम. चुलीवर ठेवा आणि तापू द्या, नेहमी तापवतो त्याहून जास्त, धुराची पहिली रेघ दिसेपर्यंत. ही वाट पाहणं मननाचाच भाग आहे. तेल घाला, कढई फिरवून कडेपर्यंत नेऊन आणा. आधी दोन अंडी फेटून त्यांची पोळी करा, काढून घ्या, तिच्या पट्ट्या कापा. पुन्हा तेल. आता ठेचलेला किओन आणि लसूण. हा वास उठेल तेव्हा हात थांबवा. आपल्या घरात हाच जोडवास रोज असतो, म्हणून आपल्याला तो आपलाच वाटतो. एखाद्या पेरूवी आजीलाही तो तिचाच वाटतो. दोघांचंही खरं आहे.

मग कोंबडीचे बारीक तुकडे, आदल्या दिवशीचे असले तरी चालतील. लिमाच्या घरांत सॉसेजच्या चकत्याही घालतात. मांस नको असेल तर अंडं पुरतं. आणि आता भात. हातानं मोकळा करून घाला. बोटांना प्रत्येक शीत वेगळं लागेल. आच कमी करू नका. आवाज ऐका: सुरुवातीला जड, ओला असतो, मग हळूहळू कोरडा होतो, आणि शितं कढईत टणटण उडू लागतात. सियाओ भातावर ओतू नका, कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा. लोखंडाला लागताच तो उकळून क्षणात गडद होतो, आणि एक करपट गोड वास येतो. शेवटी तिळाच्या तेलाचे काही थेंब. आच बंद केल्यावर कांद्याची पात, हिरवी ती हिरवीच राहिली पाहिजे.

याच कढईत, याच सियाओत, पेरूच्या लोकांनी आपले पदार्थही आणले. लोमो साल्तादो घ्या. गोमांसाच्या पट्ट्या, उभा कांदा, टोमॅटो, आही आमारियो. परतण्याची रीत चिनी. त्यात तळलेले बटाटे, आणि बटाटा तर अँडीजचाच. शेजारी भाताची मूद. एका ताटलीत बटाटा आणि भात दोन्ही का, असं कोणी विचारलं तर मी त्या चुलीपाशी बसलेल्या दोघांकडे बोट दाखवीन. दोघांपैकी कोणालाच आपली मूठ सोडायची नव्हती, आणि कोणी सोडलीही नाही.

संध्याकाळ झाली. आता पेला.

पिस्को ही द्राक्षाची दारू, आंबवलेला रस ऊर्ध्वपातित करून काढलेली. पेरूच्या नियमानं ती आठ जातींच्या द्राक्षांपासूनच होते आणि किनाऱ्यालगतच्या लिमा, ईका, अरेकिपा, मोकेग्वा, ताक्ना या भागांतच. काढल्यावर तिच्यात पाणी घालायचं नाही. लाकडाच्या पिंपात ठेवायची नाही, लाकूड रंग देतं. रंग-वास न देणाऱ्या भांड्यात किमान तीन महिने तिनं गप्प पडून राहायचं. म्हणून पिस्को पाण्यासारखी नितळ असते. केचुआ भाषेत पिस्कू म्हणजे पक्षी. ज्या बंदरातून मातीच्या बुधल्यांत भरून ही दारू बाहेर जायची, त्या बंदराचं नाव पिस्को.

सकाळी बाजूला ठेवलेलं नाव हेच. त्या बंदरातून समुद्राकडे पाहिलं की काही कोसांवर चिंचा बेटं. पक्ष्यांच्या नावाचं गाव, पक्ष्यांच्या विष्ठेची बेटं, आणि मधलं पाणी, ज्याच्या पलीकडे ती माणसं खणत होती. बंदरातून बुधले निघत, बेटांवरून खताची गलबतं निघत. मी पिस्कोबद्दल वाचते तेव्हा हे दोन्ही एकत्रच डोळ्यांपुढे येतं. पेल्यात काहीच दिसत नाही इतकी ती नितळ असते, म्हणून मी जास्त वेळ पाहते.

पिस्को सावर तुम्ही ऐकलं असेल: तीन भाग पिस्को, एक भाग लिंबू, एक भाग साखरेचा पाक, अंड्याचा पांढरा बलक आणि फेसावर कडू अर्काचे थेंब. सॉल्ट लेक सिटीहून आलेल्या व्हिक्टर मॉरिस यांनी १९१६ मध्ये लिमात उघडलेल्या बारमधून त्याचा बोलबाला झाला. मला मात्र आज चिल्कानो हवा आहे, कारण त्यात आलं आहे. उंच पेला, बर्फ, पिस्को, लिंबू, वर जिंजर एल. काही घरांत त्याच्याही आधी पिस्कोच्या बाटलीत किओनच्या चकत्या घालून ती मुरत ठेवतात. सकाळी हातात घेतलेलं कांडं इथे पुन्हा भेटतं, या वेळी ईकाच्या द्राक्षांबरोबर. आणि पेरूचं लिंबू म्हणजे छोटं, पातळ सालीचं, रसाळ. आपलं कागदी लिंबू त्याच जातीचं.

दारू घेत नसाल तर आल्याचा रस, कागदी लिंबू, साखर, चिमूट मीठ, गार पाणी. पेला तितकाच उंच घ्या. ओठाला लावण्याआधी त्याच्या बाहेर जमलेले थेंब बोटानं पुसा. मग पहिला घोट तोंडात धरा. आधी आंबट येतं, मग गोड. आल्याचा तिखटपणा सगळ्यात शेवटी येतो आणि सगळ्यात उशिरा जातो. तो पूर्ण जाईपर्यंत दुसरा घोट घेऊ नका.

आता पानं मांडा. लिमात रविवारी दुपारी आख्खी कुटुंबं चिफात जातात: आधी वांटानचं सूप, मग चाउफाची मोठी बशी मधोमध, मुलांसमोर पिवळीधमक इंका कोला, १९३५ पासून तिथे मिळणारी. घरी असतील तर भांडं टेबलावर येतं आणि आजी वाढते. तुम्हीही मधोमध ठेवा. बसलेल्यांकडे एकदा नीट बघून घ्या. मग जे माणूस आता पंगतीला नाही, त्याला आठवा. चेहरा येईल, त्याला येऊ द्या, पण त्याच्यावर थांबू नका, हात आठवा. मीठ घेताना तीन बोटं कशी जुळायची. गरम झाकण पदराच्या कुठल्या टोकानं उचललं जायचं. वाढताना चमचा भांड्याच्या काठावर किती वेळा आपटला जायचा. माझ्या आजीचा दोनदा. आवाज अजून ऐकू येतो, तिचं बोलणं मात्र आता नीट आठवत नाही.

एक घास घ्या. सावकाश चावा. शीत काल कुठे होतं, रात्री कुठे होतं, आता कुठे आहे.

जेवण झालं की भांडी लगेच भिजत टाकू नका. कढईच्या तळाला थोडा भात धरलेला असेल, तांबूस, कडक. त्याला आपण खरवड म्हणतो. पेरूत त्याला कोंकोलोन म्हणतात, आणि तिथेही त्याच्यासाठी मुलं भांडतात. उलथन्यानं तो हळूहळू सोडवा, कढईचा आवाज घरभर जाऊ द्या. कोणी ना कोणी ओट्यापाशी येईल. त्याच्या हातावर अर्धी खरवड ठेवा, आणि ठेवताना, मोठ्यानं, एकदाच, आपल्या घरात मागे राहिलेला तो शब्द म्हणा.